चौकांचे चार रविवार

भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. त्यामुळे रविवारची सकाळ काढणं कठीण, तरी जुन्या नाशकातल्या एका वाड्यात भरलेला शहरांतल्या मोकळ्या चौकांच्या इतिहासाचा वर्ग मी पूर्ण केला. चार रविवार, ८०० रुपये, चहा धरून.

सगळ्यात रमले ते पॅरिसच्या प्लास दे व्होज या चौकात. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १६०५ साली तो बांधायला घेतला, १६१२ साली पुरा झाला. बाजू सुमारे १४० मीटर, भोवती ३६ घरं. राजाने जागा दिल्या त्या एका अटीवर: दर्शनी बाजू ठरल्याप्रमाणेच हवी. लाल वीट, फिकट दगड, खाली चार कमानी. मागे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावं. सरांनी प्रत्येकाला कार्डशीटचं एकेक घर करायला दिलं. माझ्या कमानी अर्धा सेंटिमीटर उंच झाल्या. शेजारच्या काकांच्या घराला लावून पाहिल्या, तर सगळी ओळच लंगडी दिसायला लागली. पुन्हा कापल्या. ती अट कशासाठी होती, ते तेव्हा कळलं.

स्पेनमधल्या माद्रिदचा प्लासा मायोर हा चौक तीनदा जळाला. १७९० च्या आगीनंतर पाच मजली घरं तीन मजल्यांवर आणली आणि उघडे कोपरे कमानींनी बांधून घेतले. आज दिसतो तो बंदिस्तपणा आगीतून आलाय, हे ऐकून मी थक्क झाले.

इराणमधल्या इस्फहानचं मैदान मात्र तासाभरात उरकलं, ते मला रुचलं नाही. ५०० मीटरहून लांब जागा, भोवती दुकानांच्या दुमजली ओळी. मशिदीचं दार मैदानासमोर, आत शिरलं की इमारत मक्केच्या दिशेला वळते. दुकानांबद्दल अजून ऐकायचं होतं. शिवाय पडदा वाड्याच्या चौकात लावलेला, दहानंतर उन्हात चित्रं पुसट. हे सुधारायलाच हवं.

शेवटचा रविवार गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणाशी. आपल्याकडे चौक म्हणजे चार रस्त्यांची गाठ नाहीतर वाड्यातलं अंगण. या मोकळ्या जागांना पटांगण हाच शब्द मला जवळचा वाटतो. सरांनी काकांना घाटाच्या कडेने चालत पाठवलं. आधी चेहरा गेला, मग चष्मा, १४० मीटरवर, म्हणजे प्लास दे व्होजच्या एका बाजूएवढ्या अंतरावर, नुसता पांढरा सदरा उरला. माझी ती २१० पावलं.

नाव जरूर घाला. टोपी आणि पट्टी घरून न्या, कात्री तिथे मिळते. आणि वर्ग संपला की एखाद्या बुधवारी, घाटावर बाजार भरलेला असताना, तीच पावलं पुन्हा मोजून बघा. मी मोजली, भाजीच्या पाट्यांमधून वाट काढता काढता २६० झाली.