अफवा रोखण्यासाठी काय निवडावे : परिपत्रक, सर्वांची सभा की विभागवार बैठका?

एखादा मोठा बदल तोंडावर आला आहे, निर्णय अर्धाच झाला आहे आणि कर्मचाऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली आहे, अशा वेळी व्यवस्थापनापुढे साधारणपणे चार मार्ग असतात. लेखी परिपत्रक काढता येते, सर्वांची एकत्र सभा घेता येते, प्रत्येक विभागप्रमुखाने आपापल्या गटाशी बोलावे असे ठरवता येते, किंवा निनावी प्रश्न मागवून त्यांची जाहीर उत्तरे देता येतात. गप्प राहणे हा पाचवा मार्ग असून माझ्या पाहण्यात तोच सर्वाधिक वापरला जातो. मात्र त्याचा वेगळा विचार करण्याची गरज नाही, कारण बाकीचे चारही मार्ग त्याचेच परिणाम निस्तरण्यासाठी लागतात.

या मार्गांची तुलना करण्यासाठी एक जुनी कसोटी आजही उपयोगी पडते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये असे मांडले की, अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि त्याबाबतची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. बेरीज न करता गुणाकार करण्यात मर्म आहे, कारण दोहोंपैकी एक जरी शून्यावर आले तरी अफवेला आधार उरत नाही. नोकरी, पगार आणि बदली यांचे महत्त्व कमी करणे कोणाच्याच हाती नसते, म्हणून कोणता मार्ग कोणाच्या मनातली संदिग्धता किती लवकर घालवतो, एवढेच पाहायचे उरते.

परिपत्रकाची जमेची बाजू म्हणजे सर्वांना एकच मजकूर, एकाच वेळी आणि पुन्हा वाचता येईल अशा रूपात मिळतो. तोंडी निरोपाला हे साधत नाही, कारण माणसागणिक तपशील गळत जातात आणि उरलेले अधिक ठळक होतात, हेही ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी प्रयोगांतून दाखवले होते. परिपत्रकाची उणीव मात्र मी एका कार्यालयात जवळून पाहिली आहे. तिथे एका मंगळवारी सकाळी दोन अनोळखी माणसे दुसऱ्या मजल्यावर आली; एकाने खिडकीपासून खांबापर्यंत टेप धरला आणि दुसरा वहीत आकडे टिपत टेबले मोजू लागला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मजला भाड्याने जाणार असे ठरले होते, आणि संध्याकाळी घरी निघताना अख्खा विभाग बंद होणार असून नावांची यादीही तयार आहे, अशी आवई उठली होती. शुक्रवारी परिपत्रक निघाले, ‘कर्मचाऱ्यांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये’. ते वाचून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एवढेच विचारले, ‘‘मग मोजत काय होते?’’ ती माणसे वायरिंगसाठी आली होती, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात वायरमनकडूनच कळले. परिपत्रकाला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. त्यातच भाषा ‘पुनर्रचना’ आणि ‘सुसूत्रीकरण’ अशी गुळमुळीत असेल, तर लोक ओळींच्या मधले वाचू लागतात आणि जो कागद संदिग्धता घालवण्यासाठी काढला तोच तिच्यात भर घालतो.

सर्वांच्या सभेत सर्वोच्च अधिकारी स्वतः समोर येतो, त्याचा स्वर आणि चेहरा दिसतो, ही तिची खरी किंमत आहे. पण तीनशे माणसांसमोर हात वर करून ‘माझी जागा राहणार का?’ असे विचारणारा विरळाच. शिवाय उत्तर टाळले गेले तर ते सर्वांना एकदमच दिसते. म्हणून निर्णय पक्का झाला असेल तेव्हाच सभा घ्यावी. अर्धवट निर्णयावर घेतलेली सभा पुढच्या कंड्यांना खाद्य पुरवते.

विभागवार छोट्या बैठकांकडे माझा कल सर्वाधिक आहे, कारण कर्मचाऱ्याचा खरा प्रश्न ‘कंपनीचे काय?’ हा नसून ‘माझे आणि माझ्या टेबलाचे काय?’ हा असतो, आणि त्याचे उत्तर रोजच्या वरिष्ठाकडूनच मिळू शकते. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अधिकाऱ्याच्या नियोजित राजीनाम्याची बातमी 81 टक्के अधिकाऱ्यांना कळली होती, परंतु ती पुढे सांगणारे 11 टक्केच होते. म्हणजे कानोकानी पसरणारी बातमी मोजक्या तोंडांतून फिरते. विभागप्रमुखांना खरी माहिती आधी देणे म्हणजे अशा तोंडांच्या जवळ खरी बातमी वेळेवर पोहोचवणे. मात्र हा मार्ग फसतो तोही इथेच. विभागप्रमुखाला जर आपल्या माणसांइतकेच, किंवा त्यांच्याही नंतर कळत असेल, तर ‘मलाही काही माहीत नाही’ हे त्याचे वाक्य दुपारपर्यंत ‘त्यांनाही अंधारात ठेवले आहे’ असे होऊन फिरते. दहा प्रमुख असतील तर दहा आवृत्त्या तयार होण्याचा धोका असतोच, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकाच मजकुराचे एक पान असायला हवे.

निनावी प्रश्नपेटी घोषणेसाठी निरुपयोगी असली, तरी लोकांच्या मनात काय चालले आहे ते टिपण्यासाठी तिच्याइतके स्वस्त साधन नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट नॅप यांनी 1944 मध्ये युद्धकाळातील अफवांचे इच्छेच्या, भीतीच्या आणि फूट पाडणाऱ्या असे तीन प्रकार केले होते. आलेले प्रश्न त्या नजरेने चाळले तर ‘बोनस वाढणार का’ आणि ‘त्या विभागाला झुकते माप का’ यांना वेगवेगळी उत्तरे लागतात हे लक्षात येते. उत्तर देताना अफवा शब्दशः उद्धृत करून नाकारू नये. पुन्हापुन्हा ऐकलेले विधान अधिक खरे वाटते, असे 1977 मधील हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात दिसले होते; त्यामुळे सुरुवात वस्तुस्थितीने करावी. नको असलेले प्रश्न गाळले गेले, तर मात्र पेटी नसलेली बरी.

एकच मार्ग निवडायचा असेल तर विभागवार बैठका निवडाव्यात. दोन परवडत असतील तर त्यांच्या पाठोपाठ त्याच दिवशी साध्या भाषेतले परिपत्रक काढावे. जिथे लोक पाळ्यांमध्ये काम करतात आणि सर्वांकडे ईमेल नसतो, तिथे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटे आणि सूचनाफलकावर तोच कागद, एवढे पुरेसे होते. निर्णय झालेला नसेल तर काय ठरले, काय ठरलेले नाही आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला मिळेल, ही तीन वाक्ये सांगावीत. त्या तारखेला सांगण्यासारखे काही नसले तरी विभागप्रमुखाने ठरलेल्या वेळी गटासमोर उभे राहून तेवढेच सांगावे आणि पुढची तारीख द्यावी.