लँड प्लेन रंगवण्याआधी जाऊन बघा

सत्तरी, डिचोली, पेडणे भागातले बरेच बागायतदार सध्या मिनी ट्रॅक्टरला लावायला लँड प्लेन शोधतायत. मी तो घाटापलीकडच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला आणि पुरता फसलो. फसवणूक वरवर बघून कळण्यासारखी नव्हती, आणि हा माणूस अजूनही गोव्यात ऑर्डरी घेत फिरतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हे अवजार पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. ट्रॅक्टरमागे नुसतं ब्लेड लावलं, तर पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ब्लेड जमिनीत घुसतं आणि चाकं खड्ड्यात उतरली की ते वर उचललं जातं. रस्ता सपाट व्हायच्या ऐवजी त्याच्या लाटा होतात. लँड प्लेनला दोन्ही बाजूंना जाड प्लेटचे लांब पाय असतात, त्यांना स्किड म्हणतात. मध्ये एकामागे एक दोन पाती, त्यांची धार स्किडच्या तळाच्या जेमतेम अर्धा इंच खाली. स्किड जमिनीवर टेकून सरकतात, त्यामुळे उंचवटा तेवढा तासला जातो आणि निघालेली माती पुढच्या खड्ड्यात पडते. पावसाळ्यात काजूच्या मोरडावरच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या बागेतल्या, रस्त्यांना जे चर पडतात, ते सीझनआधी बुजवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण हे सगळं चालतं वजनावर. जांभ्याच्या खडीवर हलका प्लेन नुसता नाचतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न वजनाचाच विचारतो, आणि ही लबाडी नेमकी त्याच प्रश्नावर बेतलेली आहे.

ठरलं होतं ते असं: पाच फुटी प्लेन, बाजूच्या प्लेटा 10 मिलिमीटरच्या, पाती ग्रेडरच्या (रस्ता सपाट करायच्या मोठ्या यंत्राच्या) ब्लेडची आणि बोल्टवर बसवलेली, म्हणजे झिजली की उलटवता येतात, नंतर बदलताही येतात. आडवे दोन बार 100 बाय 100 च्या चौकोनी पाइपचे. एकूण वजन अडीचशे किलोच्या आसपास. किंमत 68 हजार, निम्मे आगाऊ. अनुदानाचं बघून देतो असंही तो म्हणाला होता. वजनाचा विषय मी काढायच्या आधी त्यानेच काढला. "भाऊ, तुमच्यासमोर काट्यावर घालतो. वजन कमी भरलं तर एक रुपया देऊ नका." आणि खरंच घातलं. पिकअप रिकामी आणि भरलेली, दोन्ही पावत्या हातात दिल्या. वजन बरोबर भरलं. चकचकीत लाल रंग मारलेला होता. उरलेले पैसे मी तिथेच दिले.

मोरडावर पहिल्याच दिवशी एका जांभ्याच्या टेंगळावर डाव्या बाजूची प्लेट आत वाकली. पात्यांची धार संध्याकाळपर्यंत गोल झाली. 10 मिलिमीटरची प्लेट अशी वाकत नाही, म्हणून ट्रॉलीत घालून वाळपईला एका जुन्या वेल्डिंगवाल्या मेस्तांकडे नेला.

मेस्तांनी आधी काही बोलायच्या ऐवजी हातोडीने एकेक भाग वाजवून पाहिला. बाजूची प्लेट पातळ पत्र्यासारखी वाजली. आडव्या पाइपावर हातोडी मारली तर आवाज अगदी बद्द. पोकळ पाइप घुमतो, हा घुमेना. मग त्यांनी पात्यावर कानस घासली. कानस चरचर चावली आणि पांढरा ओरखडा उठला. "भाऊ, ग्रेडरचं पातं असतं तर कानस घसरली असती. ही बाजारातली साधी पट्टी आहे, धार काढून लावलीय." बोल्टसुद्धा दिखाऊ निघाले. वरून डोकी दिसत होती, पण पातं मागून वेल्ड करून टाकलेलं. बदलण्याचा प्रश्नच नाही.

पाइपाच्या टोकाची झाकणं वेल्ड करून वर पुट्टी आणि रंग दिला होता. मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला आणि त्यांनी ग्राइंडरने झाकण कापलं. आत ठासून भरलेला खडीचा चुरा आणि सिमेंट.

आता हिशेब बघा, कारण वजन कसं जुळवलं ते त्यात दिसतं. साध्या लोखंडाची प्लेट एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरते. म्हणजे 10 मिलिमीटरची 78.5 किलो आणि 5 मिलिमीटरची निम्मी. माझ्या प्लेनची प्रत्येक बाजू दीड मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर उंच. 10 मिलिमीटरच्या दोन बाजूंचे 94 किलो व्हायला हवेत. प्लेटची जाडी व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजली, 5 मिलिमीटर निघाली, म्हणजे 47 किलो लोखंड तिथेच गायब. दोन पाइपांत जो माल भरला होता तो जवळपास तेवढाच भरतो. काटा खोटं बोलला नाही. लोखंडाच्या भावात सिमेंट विकलं गेलं.

कडेला रंगाचा जाड थर आणि काठाला वळवलेली पट्टी होती, त्यामुळे प्लेट जाड दिसत होती. म्हणूनच सांगतो, रंग मारण्याआधी माल बघायला जाच, जाणं जमत नसेल तर ओळखीचा वेल्डर पाठवा. व्हर्नियर, कानस आणि हातोडी एवढंच सोबत न्या. पाइपांची टोकं तुमच्या डोळ्यांदेखत बंद होऊ द्या. थ्री पॉइंटच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जिथे तीन ठिकाणी जोडतात तिथल्या, पिनाही मोजा. मिनी ट्रॅक्टरच्या कॅटेगरी एकच्या खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या असतात, कॅटेगरी दोनच्या 28 च्या. मला बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या अवजाराची जुनी फ्रेम कापून लावली होती. भोकं मोठी, बुश घालून बारीक केलेली, आणि पिना पहिल्या दिवसापासून खडखडत होत्या.

बिलाचंही तसंच. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गोवा 30, महाराष्ट्र 27, कर्नाटक 29. वर्कशॉप कर्नाटकात आणि बिलावरचा क्रमांक 27 ने सुरू होणारा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो, लॉगिन लागत नाही. मी टाकला, तर नोंदणी रद्द झालेली दिसली. पैसे देण्याआधी दोन मिनिटांचं काम आहे ते. अनुदानाचं आश्वासनही हवेतच होतं. अवजार घेण्याआधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. विकणाऱ्याच्या तोंडच्या अनुदानावर किंमत ठरवू नका.

फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, वजन तुम्ही स्वतः पाहिलंय. पुढे फोन उचलणंच बंद केलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेलं अवजार असेल, तर ते "व्यापारी वापरासाठी" म्हणून बाजूला टाकता येत नाही.

अशा कुणाकडून घेतलेला प्लेन तुमच्याकडे असेल तर घाईने कापू नका. आधी काट्याची पावती, व्हर्नियर लावलेले फोटो आणि झाकण कापतानाचा सलग व्हिडिओ तयार ठेवा, आणि आत निघालेला माल पोत्यात भरून जपा.