पेरुगेटजवळचा अकॅडमिक रायटिंगचा क्लास: आठ रविवार, साडेचार हजार रुपये

मी एमए इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव संगमनेरकडचं, शाळा मराठी मीडियम, बीए पण मराठीतूनच पेपर लिहून केलं. पुण्यात आल्यावर लेक्चर्स समजायला लागली, पण इंग्रजीत लिहायला बसलं की गाडी अडायची. डिझर्टेशनचा, म्हणजे एमएच्या प्रबंधाचा, पहिला चॅप्टर गाईडना दिला तर त्यांनी सात ठिकाणी लाल पेनाने एकच प्रश्न लिहून परत दिला, हे कोण म्हणतंय? मला तो प्रश्नच कळला नव्हता, खरं सांगते. होस्टेलवरच्या एका ताईने हा क्लास सांगितला. रिटायर्ड प्रोफेसर मॅडम घरीच घेतात, रविवारी सकाळी 9 ते 12.

मला वाटलेलं ग्रामर घेतील, टेन्स वगैरे. पहिल्या दिवशी मॅडमनी एका रिसर्च पेपरचं एक पान वाचायला दिलं आणि म्हणाल्या, आता पान पालथं घाला आणि काय वाचलं ते शेजारच्याला मराठीत सांगा. बावीस जणांपैकी एकालाही नीट सांगता आलं नाही, त्यात कॉन्व्हेंटमधली मुलंपण होती. तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझी अडचण इंग्रजीच्या आधीच सुरू होत होती, मला समजलेलंच नसायचं आणि मी वाक्यं उचलून इकडची तिकडे करत होते.

पुढचे तीन रविवार यावरच गेले आणि माझ्या मते सगळ्या क्लासचे पैसे इथेच वसूल होतात. पद्धत अशी की वाचायचं, पेपर बंद करायचा, मराठीत मोठ्याने सांगायचं, मग त्या मराठीवरून इंग्रजीत लिहायचं आणि शेवटी मूळ पेपर उघडून दोन गोष्टी बघायच्या, अर्थ बदलला नाही ना आणि शब्द त्यांचेच आले नाहीत ना. आणि सायटेशन, म्हणजे हे कुठून घेतलं त्याचा उल्लेख, तरीही द्यायचंच, कारण शब्द माझे असले तरी विचार त्यांचा आहे. मी आधी काय करायचे तर चार शब्दांना समानार्थी शब्द टाकायचे आणि त्याला पॅराफ्रेज, म्हणजे आपल्या शब्दांत मांडणं, म्हणायचे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लिखाण चोरीबद्दलचे 2018 चे नियमही मॅडमनी नीट समजावले, थिसिस-डिझर्टेशनमध्ये दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, 10 ते 40 मध्ये गेलं की ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून परत द्यावं लागतं, 40 ते 60 ला एक वर्ष सुधारित कॉपी देता येत नाही आणि 60 च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. पण त्या म्हणाल्या टक्के बघून लिहू नका, समजून लिहिलंत तर टक्के आपोआप खाली येतात. माझे आले.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे दावा किती जोरात करायचा. माझा विषय कांदा. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती 4 मे 2024 ला उठली. मी लिहिलेलं की बंदीमुळे भाव पडले. मॅडमनी विचारलं, डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढते की नाही? वाढते, आमच्या घरीच वाढते! मग फक्त बंदीमुळेच हे कशावरून? तर ते वाक्य असं झालं की बंदीनंतरच्या आठवड्यांत भाव उतरले, बंदीचा त्यात वाटा असू शकतो, पण आवकही तेव्हाच वाढत होती. इंग्रजीतले मे (may), सजेस्ट, अपिअर्स टू हे शब्द मला आधी घाबरटपणाचे वाटायचे, आता कळतं की हातात जेवढा पुरावा तेवढंच बोलणं म्हणजे प्रामाणिकपणा आहे. गाईडच्या त्या लाल प्रश्नाचं उत्तरही हेच होतं, दुसऱ्याचं काय, माझं काय आणि अंदाज कुठला हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पॅराग्राफचंपण तसंच. आपण शाळेपासून निबंधात आधी वातावरण तयार करतो आणि मुद्दा शेवटी आणतो, इथे मुद्दा पहिल्या वाक्यात आणि बाकीची वाक्यं त्याच्या पाठीशी. मला जड गेलं, अजूनही जातं.

शब्दांसाठी मॅडमनी मँचेस्टर युनिव्हर्सिटीची फ्रेजबँक, म्हणजे अकॅडमिक लिखाणातल्या तयार वाक्यरचनांचा संग्रह, दाखवली, नेटवर फुकट आहे, आणि 570 शब्दकुटुंबांची (एका मूळ शब्दापासून झालेले शब्द म्हणजे एक कुटुंब) अकॅडमिक वर्ड लिस्ट. रोज पाच शब्द, तेही आपल्याच विषयाच्या वाक्यात लिहून. नोट्ससाठी कॉर्नेल पद्धत, म्हणजे डावीकडे प्रश्न, उजवीकडे नोट्स, खाली दोन ओळींत सार. मी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून याच पद्धतीने वाचते आणि परीक्षेच्या आधी उजवी बाजू झाकून नुसते प्रश्न सोडवते.

आता कमी काय आहे तेही लिहिते. बावीस मुलं जास्त होतात, शेवटचे दोन ड्राफ्ट तपासून मिळायला तीन आठवडे लागले आणि तोवर माझं सबमिशन होऊन गेलं होतं, याचं मला वाईट वाटलं. झोटेरो, म्हणजे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर, फक्त अर्ध्या तासात उरकलं, ते मी नंतर मैत्रिणीकडून शिकले. सायन्सवाल्यांना उदाहरणं कमी मिळतात. दुसरा मजला, लिफ्ट नाही आणि रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, बसनेच या.

पाचपैकी चार स्टार. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर असाल तर फार उपयोग नाही, एमएच्या पहिल्या सेमिस्टरला असाल तर लगेच जा. फी दोन हप्त्यांत घेतात, फक्त आधी बोलावं लागतं. आणि जाताना स्वतःचा एखादा अर्धवट चॅप्टर घेऊन जा, मॅडम त्यावरच काम करून घेतात, कोरी वही घेऊन आलेल्यांना पहिले दोन रविवार तसेच गेल्यासारखे वाटले.