उपजिल्हा रुग्णालयातली मनोविकार ओपीडी: गोळ्या फुकट, माहिती मात्र मागून घ्या

खान्देशातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात ठरल्या वारी ही ओपीडी भरते. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञच, औषधं फुकट, आणि समुपदेशक ताई अहिराणीत "तुले झोप येस का?" विचारतात तेव्हा गप्प बसलेला पेशंटही बोलू लागतो. नव्या पेशंटसाठी बिनधास्त जावं अशी जागा.

घोडं अडतं ते जुन्यांपाशी. केसपेपरवर 'औषध तेच' लिहायचं की महिन्याच्या गोळ्या हातात. ऑलान्झापीन (भास-संशयाच्या आजारावरचं औषध, त्याने वजन आणि साखर वाढू शकते) घेणाऱ्यांचं वजन करत नाहीत, साखर तपासत नाहीत. लिथियमच्या, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही घाई महागात पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, घामावाटे पाणी-मीठ जातं आणि मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, म्हणून रक्तात ते वाढतं. त्यात कंबरदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, तिनेही लिथियम वाढतं! हात जास्त थरथरणं, जुलाब-उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे खिडकीवर कुणी सांगत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट: "तो येत नाही, भाजीत कालवून देतो" म्हणणाऱ्या नातेवाइकालाही निमूट गोळ्या मिळतात. घरच्यांची अडचण खरी आहे. पण हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की सगळा डोस एकदम उतरतो. आणि आधीच संशय घेणाऱ्याला पत्ता लागला, तर तो घरचं जेवणच सोडतो. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आजाराचं नाव लागलं म्हणून माणसाचा निर्णयाचा हक्क जात नाही. बरा असताना त्याने साध्या कागदावर सही-अंगठा करून आजारपणात उपचाराच्या निर्णयांत मदत करणारा आपला प्रतिनिधी नेमावा, एवढी सोय कायद्यात आहे. ओपीडीत त्याचा साधा फलकही नाही. माझ्याकडून या ओपीडीला पाचपैकी तीन गुण, तेही ताईंमुळे.

लिथियमची पातळी बाहेरच्या लॅबमधून करावी लागते. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्या, सकाळची गोळी त्यानंतर. बऱ्याच जणांना 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रतिलिटर पातळी पुरते. रक्त हिरव्या टोपणाच्या नळीत घेत असतील तर थांबवून विचारा: त्यातल्या हेपॅरिनमध्येच (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात) लिथियम असेल, तर आकडा खोटाच वाढून येतो.