नाना पेठेतलं दगडावर अक्षरं कोरणारं दुकान: आमच्या मंडळीचा अनुभव

पुण्यात दगडावर मराठी मजकूर कोरून घ्यायचा तर पहिली अडचण येते ती जोडाक्षरांची. कॉम्प्युटरवर स्टेन्सिल कापताना ‘ख्रिस्त’मधला ख्रि फुटतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि चूक एकदा दगडात उतरली की दगडच बदलावा लागतो. नाना पेठेत, क्वार्टर गेटच्या अलीकडच्या एका गल्लीत एक छोटं दुकान आहे. तिथे हे होत नाही. नाव आणि नंबर टाकू नका, हातातलंच काम उरकत नाही, असं मालक म्हणाले, म्हणून टाकत नाही. गल्लीत विचारलंत तर कोणीही दाखवेल.

मी आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, चिटणीस. आमची दोन कामं होती. देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) छपराची दुरुस्ती झाली, तिच्या देणगीदारांचा फलक. आणि आमच्याकडे आयुष्यभर घंटा वाजवणाऱ्या, आता ख्रिस्तवासी झालेल्या काकांच्या कबरीचा दगड.

आधी कामाबद्दल. उघड्यावर संगमरवर घेऊ नका, असं मालकांनी स्वतःहून सांगितलं. आपल्याकडच्या पावसात तो काळवंडतो, शेवाळ धरतो आणि अक्षरांच्या कडा झिजतात. म्हणून कबरीसाठी काळा ग्रॅनाइट घेतला. त्यावर रबराचं स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या झोताने अक्षरं खोदतात. देवळाच्या आतल्या भिंतीसाठी पांढरा संगमरवर घेतला, आणि तो छिन्नीने, हाताने कोरला. कोरण्याआधी संपूर्ण मजकूर खऱ्या मापात कागदावर काढून जमिनीवर पसरतात, तुम्हाला वाचायला लावतात आणि सही घेतात. घाई करू देत नाहीत. दोन अक्षरांत काळा रंग नीट भरला गेला नव्हता. फोन केला तर मालक स्वतः ब्रश घेऊन देवळात आले.

पण मला लिहायचं आहे ते त्यांच्या एका प्रश्नाबद्दल. देणगीदारांची यादी हातात घेतल्याबरोबर त्यांनी विचारलं, “बाई, नावं रकमेप्रमाणे लावायची का? अक्षरं लहानमोठी करायची का?” मंदिरं, मंडळं, सोसायट्या, सगळीकडची कामं त्यांनी केली आहेत, आणि भांडण सगळीकडे याच जागी होतं म्हणाले. आमच्याकडेही झालं. कमिटीत एकाने मोठ्या देणग्या वर, रकमेसह असाव्यात असं सुचवलं. दुसऱ्याने नावंच नकोत म्हणून बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय उघडला: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. ते वचन माझ्या मनाला लागतंच. तरीही नावंच नकोत, हे मला पटलं नाही, कारण त्याच आठवड्यात भाजी विकून घर चालवणाऱ्या आमच्या एक आजी उपासनेनंतर माझ्याजवळ आल्या. “माझं नाव येणार ना गं पाटीवर?” म्हणाल्या. त्यांच्या त्या विचारण्यात गर्व होता असं मला कोणी सांगू नये. मी शाळेत शिकवलं आहे. हजेरीत आपलं नाव राहून गेलं तर मूल कसं कावरंबावरं होतं ते मी पाहिलं आहे.

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू मेजवानीतल्या मानाच्या जागा मोडून टाकत नाही. खालच्या जागेवर बस, म्हणतो. वर बोलवायचं ते यजमान बोलवील. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिष्य त्याच्या उजवी-डावीची आसनं मागतात, तेव्हाही मोठं व्हायची इच्छाच धरू नका असं तो सांगत नाही; मोठं व्हायचं असेल तर सेवक व्हा, म्हणतो. आणि प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी, प्रिस्क, अक्विला अशी नावांची रांगच लावतो. पत्र लिहून देणारा तर्तियदेखील मध्येच आपल्या नावाने सलाम सांगतो. पौलाने तो राहू दिला, याचं मला फार अप्रूप आहे. दुसऱ्याने आपलं नाव प्रेमाने घ्यावं असं वाटणं देवाला खटकत नसावं. आपलं नाव दुसऱ्याच्या वर असावं, हा हट्ट खटकतो.

कॅम्पात सेंट मेरीज चर्च आहे, १८२५ सालचं. तिथल्या भिंतींवर स्मृतिफलक आहेत, त्यांत हुद्दे आणि पलटणी कोरलेल्या आहेत. मी ते वाचत उभी राहते तेव्हा हुद्द्यांपेक्षा माणसांची वयं मनात राहतात. पंडिता रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या होत्या. त्याच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकामुलींमध्ये राहिल्या आणि १९२२ मध्ये गेल्या तोवर पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला जुंपलेल्या होत्या. ते भाषांतर छापणाऱ्या मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बायकांची नावं कुठल्या दगडावर असती तर मी मुद्दाम केडगावला जाऊन वाचली असती.

शेवटी कमिटीने ठरवलं ते असं: सगळी नावं एकाच मापात, रक्कम नाही, डॉ. नाही, ॲड. नाही. क्रम आडनावाने न लावता पहिल्या नावाने लावायचा, म्हणजे घराणी एकत्र येत नाहीत. एका कुटुंबाने नाव नको म्हटलं, ते गाळलं. तिथे ‘गुप्त दान’ असंही लिहिलं नाही, कारण मग रविवारी अंदाज बांधत बसायला लोक मोकळे. मालकांनी दोऱ्याने रेघा आखून प्रत्येक ओळीची उंची आम्हाला मोजून दाखवली. आजींचं नाव आता बँकेतल्या साहेबांच्या नावाच्या वर आलं आहे, बाराखडीमुळे.

काकांच्या दगडासाठी घरच्यांनी आणलेल्या मजकुरात त्यांनी भूषवलेली सगळी पदं होती. कागद जमिनीवर पसरला तेव्हा त्यांच्या मुलीने बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच पेन्सिलने ओळी खोडल्या. कोरणावळ अक्षरामागे असते, मजकूर घटला की मालकांचे पैसे घटतात. तरी ते शांतपणे नवा कागद घेऊन आले. आता दगडावर नाव आहे, दोन तारखा आहेत आणि खाली ‘या देवळाची घंटा वाजवणारे’.

पावसाळ्यात इथे काम लांबतं, तेव्हा नाताळच्या आत दगड बसवायचा असेल तर गणपतीनंतर लगेच ऑर्डर द्या. बसवण्याचे आणि टेम्पोचे पैसे वेगळे आहेत, ते आधी लिहून घ्या. नावांची यादी नेण्याआधी प्रत्येक माणसाला त्याचं नाव त्याच्याच हाताने लिहून द्यायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी दुकान घेत नाही.