पंचनामा, विमा की बँक: पूर ओसरल्यावर आधी कुठं जायचं?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्याही वर. शाहूपुरीतलं आमचं स्टेशनरीचं दुकान दोन्ही वेळा बुडालं. पहिल्या वेळी हाताशी फक्त सरकारी मदत होती, दुसऱ्या वेळी विमाही होता. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर सांगतो, एकाच्या भरवशावर दुसरं सोडायचं नाही. पण कुणाला कशातून किती मिळेल, हे तुमचं नुकसान केवढं आहे त्यावर ठरतं.

सरकारी मदतीचा हिशेब आधी बघू. 2021 च्या पुरानंतर राज्य सरकारनं दुकानदारांना पंचनाम्यातल्या नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार रुपये जाहीर केले. टपरीवाल्यांना कमाल 10 हजार. आता आकडे मांडा. चपला दुरुस्तीच्या छोट्या दुकानाचं किंवा छोट्या किराणावाल्याचं 40 हजारांचं नुकसान झालं तर 30 हजार मिळतात, म्हणजे धंदा पुन्हा उभा राहू शकतो. नुकसान साधारण 67 हजारांपर्यंत असेल तोवर ही मदत तीन चतुर्थांश भार उचलते. त्यापुढं ती जागच्या जागी थांबते. सहा लाखांचा माल भिजलेल्यालाही तेच 50 हजार. म्हणून छोट्या दुकानदारानं सगळी ताकद पंचनाम्यावर लावावी. मोठ्या दुकानदारानं पंचनामा करून घ्यावाच, पण दुकान त्यातून उभं राहील असं धरून चालू नये.

त्या वेळी अटीही होत्या: दुकान परवानाधारक हवं, दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव आणि रेशनकार्ड हवं. दर पुराला शासन निर्णय नवा निघतो, रक्कम आणि अटी बदलतात, त्यामुळं गेल्या खेपेचा आकडा यंदा गृहीत धरू नका. शॉप अ‍ॅक्ट, घरफाळ्याची पावती, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती मात्र आधीच वरच्या मजल्यावर ठेवा. मोबाईलमध्येही ठेवा.

2019 ला आमची चूक झाली ती साफसफाईत. गाळ कुजत होता, वास सहन होईना, म्हणून भिजलेल्या वह्यांचे गठ्ठे आम्ही ट्रॉलीत भरून फेकले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दुकान धुऊन लख्ख होतं. दिसेल तेवढंच कागदावर आलं. वडिलांना त्याची रुखरुख अजून आहे. गाळ काढायचाच असेल तर आधी प्रत्येक रॅकचे फोटो घ्या, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचाही घ्या, आणि मालाचे नमुने बाजूला ठेवा.

विम्याचं गणित वेगळं आहे. तिथं 50 हजारांसारखी सरसकट मर्यादा नाही, पण तुम्ही विमा किती रकमेचा काढला हे निर्णायक ठरतं. समजा दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि विमा 10 लाखांचाच. विमा मालाच्या निम्म्याच किमतीचा, म्हणून नुकसानीचेही निम्मेच धरतात: सहा लाखांचं नुकसान झालं तर साधारण तीन लाखच मंजूर होतात, त्यातून वजावट, म्हणजे पॉलिसीप्रमाणे आपण सोसायचा हिस्सा, आणखी. 2021 ला आम्हाला हाच फटका बसला. वर्षानुवर्षं जुनीच रक्कम नूतनीकरणात चालत आली होती आणि माल मात्र वाढला होता. तरीही जे मिळालं ते सरकारी मदतीच्या कितीतरी पट होतं.

पाणी शिरल्याचं कळताच विमा कंपनीला लेखी कळवा. नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो सर्व्हेअर पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्यासारखा नुसतं डोळ्यांनी बघत नाही, तो खरेदीची बिलं, जीएसटीचे विवरण, स्टॉक रजिस्टर मागतो. बिलं दुकानातच बुडाली असतील तर पुरवठादाराकडून आणि सीएकडून दुसऱ्या प्रती मिळवता येतात. त्यात वेळ जातो, पण क्लेम त्यावरच उभा राहतो. निकाल पटला नाही तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. मग विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडं जाता येतं, त्याला फी नाही.

कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेचं धंद्यासाठीचं कर्ज, असेल तर एक गोष्ट आजच बघा. बँक बऱ्याचदा मालाचा विमा तुमच्याच खात्यातून हप्ता वजा करून काढते, आणि दुकानदाराला पॉलिसी कुठं आहे तेही ठाऊक नसतं. प्रत मागून घ्या. पत्ता दुकानाचाच आहे ना, गोदाम त्यात आहे का, पूर धरलाय का, वाचा. बँकेकडून हप्त्यांना मुदतवाढ मागता येते, पण ती मदत नव्हे. व्याज चालूच राहतं.

घराचं म्हणाल तर, 2021 ला कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला 10 हजार, आणि पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला दीड लाख होते. दीड लाखात कोल्हापुरात घर होत नाही. भारत गृह रक्षा या घरविम्यात इमारतीची रक्कम बांधकाम खर्चावर ठरते, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, आपोआप संरक्षण मिळतं. नदीकाठच्या पक्क्या घरासाठी मी तरी विमाच निवडेन.

चिखली, आंबेवाडीकडच्या मातीच्या भिंतींना मात्र वेगळा धोका आहे. त्या पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळतात. भिंत उभी असताना पंचनामा झाला आणि ती नंतर पडली, तर त्याच दिवशी फोटोसकट तलाठ्याकडं फेरपंचनाम्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठल्याच फाईलला लागत नाही.

आम्ही आता बंधाऱ्यावर 39 फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की माल हलवायच्या आधी दुकानभर फिरून व्हिडिओ घेतो आणि भावाला पुण्याला पाठवून देतो.