पीडीएफ, छापील पुस्तिका की बॉक्स? इंदुरात बसून रोलप्लेइंग गेम काढणाऱ्यांसाठी

आमच्या टेबलावर खेळणारी काही मुलं आता स्वतःचे गेम लिहायला लागलीयेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा हे छापायचं की नुसतं पीडीएफ टाकायचं, आणि कंपनी काढायची म्हणजे नेमकं काय करायचं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण जीएम म्हणजे गेम मास्टर, गोष्ट चालवणारा, होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि गोष्ट बोलत बोलत पुढे जाते, जिथे अडतं तिथे फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तिथून हे सुरू झालं. प्रकाशक विकतो ते नियमांचं पुस्तक आणि त्या नियमांवर खेळायच्या साहसकथा, एवढंच.

माझं मत आधीच सांगतो. किती पैसे सुटतील याचा हिशोब नंतर करा, आधी हे ठरवा की तुमचा गेम विकत घेणारा माणूस कोण आहे. पीडीएफ घेणारा आणि पुस्तिका घेणारा ही वेगवेगळी माणसं आहेत, ती एकमेकांच्या आसपाससुद्धा राहत नाहीत.

पीडीएफ घेणारा बहुतेक परदेशात असतो, इंग्रजी वाचतो, आणि त्याच्याकडे न खेळलेल्या गेमचा ढीग आधीच पडलेला असतो. तो वाचायला घेतो, कल्पना उचलायला घेतो. त्याला माळव्याचं काही हवं असतं कारण दुसरीकडे ते मिळत नाही. १८१७ ची महिदपूरची लढाई, त्याच्या आगेमागे फिरणाऱ्या पेंढाऱ्यांच्या टोळ्या, किंवा त्याआधीचं अहिल्याबाईंचं महेश्वर, घाट, विणकर, दरबारात येणारे वकील, हे सगळं त्याच्यासाठी कोरं आहे. इथे आपल्याला खरंच फायदा आहे, फक्त ते जीवापाड अभ्यास करून लिहा, पगडी आणि तलवार चिकटवून मोकळे होऊ नका.

या माणसापर्यंत पोचायच्या तीन साइट आहेत आणि तिन्हींत बराच फरक आहे. दहा डॉलरची पीडीएफ धरा. इच.आयओवर साइटचा वाटा तुम्हीच ठरवता, न बदलता ठेवला तर १० टक्के, शिवाय पेमेंटचा खर्च, म्हणजे हातात साधारण सव्वाआठ-साडेआठ डॉलर. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर बाकीकडेही विकायचं ठेवलं तर तुम्हाला ६५ टक्के म्हणजे साडेसहा, फक्त तिथेच विकलं तर ७० टक्के. डीएम्स गिल्डवर सरळ अर्धे. आता आकडे बघून सगळे इचकडे धावतात, पण इचवर गिऱ्हाईक तुम्हाला स्वतः आणावं लागतं, किंवा गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम बनवायच्या ऑनलाइन उपक्रमात, भाग घेऊन ओळख करून घ्यावी लागते. ड्राइव्हथ्रूवर लोक मुळात रोलप्लेइंगचं काहीतरी घ्यायलाच येतात, त्यामुळे अनोळखी नावसुद्धा थोडंफार विकलं जातं. गिल्डचं गणित अजून वेगळं, तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्सची अधिकृत जगं, त्यातली शहरं, पात्रं वापरायला मिळतात, पण तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही. स्वतःची कंपनी उभी करायचीये तर गिल्ड नको असं मी म्हणेन, नाव त्यांचं मोठं होतं.

पैसे येण्याचा भाग लोक विसरतात. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, बाहेरून येणारे पैसे फक्त घेता येतात. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक पेपालने देईल, पण पुण्याचा किंवा भोपाळचा माणूस तुमची पीडीएफ घेताना अडकेल, त्याला यूपीआयवर सरळ विका आणि फाइल मेलने पाठवा. अमेरिकन साइट टॅक्सचा फॉर्म भरायला लावते तोही नीट भरा, पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा उल्लेख केला की कॉपीराइटच्या रॉयल्टीवर जास्तीत जास्त १५ टक्के कापतात, नाहीतर ३०.

आता छापील. पुस्तिका घेणारा माणूस म्हणजे जो आत्ताच तुमच्याबरोबर तीन तास खेळला. अजून दुसरा कोणी नाही, निदान इंदुरात तरी नाही. खजुरी बाजारात पुस्तकांची एवढी दुकानं आहेत पण तिथलं गिऱ्हाईक शाळेची पुस्तकं आणि परीक्षेच्या गाइडसाठी येतं, तुमचा गेम त्या रॅकमध्ये धूळ खात बसेल आणि दुकानदाराचाही त्यात दोष नाही, त्याला तो काय आहे हे सांगताच येणार नाही. म्हणून छापायचं असेल तर महिन्यातून दोनदा तरी टेबल लावायची, म्हणजे लोकांना जमवून खेळवायची तयारी ठेवा, कॉलेजात, कॅफेत, सोसायटीच्या हॉलमध्ये, जिथे जमेल तिथे. सानंद संस्थेच्या नाटकांना आपली मराठी मंडळी किती प्रेमाने गर्दी करतात ते बघितलंय ना, म्हणजे बसून गोष्ट ऐकायची हौस या शहरात भरपूर आहे, फक्त त्यांना खुर्चीवरून उठवून गोष्टीत घ्यायचंय.

पहिलं काही छापताना ए-फाइव्ह आकाराची, मध्ये पिन मारलेली पुस्तिका करा. ४८ पानं म्हणजे ए-फोरचे बारा कागद दुमडले आणि वर कव्हर, झालं. पानं चारच्या पटीतच धरायची हे लेआउट सुरू करायच्या आधी लक्षात ठेवा, शेवटी तीन पानं कोरी राहिली की सगळे घाईघाईत जाहिराती भरतात. कागद दुमडल्यावर मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते, म्हणून पानाचा नंबर आणि तक्ते बाहेरच्या कडेपासून चांगले आत घ्या. आणि कॅरेक्टर शीट बरोबर मधल्या जोडपानावर ठेवा, पिना उघडून ते पान काढता येतं, झेरॉक्स मारता येते, परत लावता येतं. जाड पुस्तकासारखं गोंदाचं बाइंडिंग दिसतं भारी, पण जीएमला एका हाताने फासे टाकायचे असतात आणि पुस्तक टेबलावर आपोआप मिटत राहतं, खेळताना ते फार छळतं. पिनवाली पुस्तिका उघडी पडून राहते.

ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच बसतो म्हणून तीनशे-पाचशेच्या खाली असाल तर डिजिटलवरच छापा, प्रत महाग पडेल पण पलंगाखाली गठ्ठे राहणार नाहीत. समजा प्रत ७० रुपयांत पडली आणि किंमत २५० ठेवली. दुकानातून ४० टक्के कमिशनवर गेली तर १०० त्याचे, ७० छपाईचे, तुमच्याकडे ८०, त्यातूनच चित्रकार, कुरिअर, खराब प्रती. टेबलावरून हातोहात गेली तर १८०. याच फरकासाठी मी म्हणतो की टेबल लावणं हीच विक्री आहे.

कराच्या बाबतीत छापील पुस्तकाचं सुख आहे, त्यावर जीएसटी शून्य, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, तोसुद्धा राजा राममोहन राय एजन्सीच्या पोर्टलवर फुकट मिळतो, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पीडीएफचं जरा वेगळं, ती सेवा धरतात, छापील आवृत्ती असेल तर दर ५ टक्के नाहीतर १८, पण वर्षाची सगळी उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही, सुरुवातीला तेवढं कोणाचंच होत नाही.

आणि इथेच बॉक्सचा विषय संपतो. सगळ्यांना बॉक्स हवा असतो, आत पुस्तक, फासे, नकाशा, जीएमने नोंदी लपवायला समोर उभा करायचा पडदा. पण पुस्तक आणि फासे एका किमतीत एका डब्यात घातले की तो मिक्स्ड सप्लाय होतो आणि आतल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा कर पूर्ण डब्यावर लागतो. वरून फासे म्हणजे करपात्र माल, तो महाराष्ट्रात किंवा गुजरातेत पाठवला की उलाढाल कितीही छोटी असो जीएसटी नोंदणी करावीच लागते. शिवाय वजन, कोपरे दबणं, कुरिअर. पहिल्या दोन-तीन वर्षांत बॉक्स नको. लोकांना फासे वेगळे घेऊ द्या, किंवा गेमच साध्या सहाच्या फाशांवर लिहा, ते प्रत्येक घरात लुडोच्या डब्यात असतात.

आधी पैसे गोळा करून मग छापायचं का? लोकांकडून असे पैसे गोळा करून देणारी साइट म्हणून किकस्टार्टर हे नाव सगळ्यांच्या तोंडात आहे, छोट्या पुस्तिकांसाठी २०१९ पासून त्यांचा झीन क्वेस्ट हा उपक्रम होतो आणि त्यातून पुष्कळ नवीन लोक वर आले. पण भारतातल्या माणसाला तिथे प्रोजेक्ट लावता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाच्या नावाने लावणारे आहेत, मग पैसे त्याच्या खात्यात, कर त्याच्या देशात, ५ टक्के किकस्टार्टरचे, वर पेमेंटचे साधारण ३ टक्के आणि पैसे देणाऱ्या प्रत्येक माणसामागे वीस सेंट, आणि पार्सल पाठवायला उशीर झाला तर शिव्या त्या बिचाऱ्या आतेभावाला. नात्यात हे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत आहे की! मराठी प्रकाशक कित्येक वर्षं मोठमोठे ग्रंथ याच पद्धतीने काढत आलेत, अमुक तारखेच्या आत पैसे भरा, पुस्तक कमी किमतीत घरपोच. वाचकाला त्यावर विश्वास आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. यूपीआयवर कमिशन नाही. किकस्टार्टरमध्ये रक्कम पूर्ण झाली नाही तर पैसे कापलेच जात नाहीत, ते संरक्षण इथे नसतं, म्हणून तुम्हीच आधी जाहीर करा की शंभर नावं आली तरच छापू, नाहीतर सगळ्यांचे पैसे परत, आणि ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, चित्रकाराला त्यातून द्यायचे नाहीत. आणि नोंदणी सुरू करायच्या आधी मजकूर पूर्ण झालेला पाहिजे. अर्धवट मजकुरावर पैसे घेतले की लिहायची मजाच जाते, रोज कोणीतरी विचारत राहतं.

नियम स्वतःचे की उसने? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांनी २०२३ च्या जानेवारीत जुना ओपन गेम लायसन्स, ज्याखाली इतरांना त्यांचे नियम वापरता यायचे, तो बदलायचा घाट घातला, जगभरातले छोटे प्रकाशक खवळले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली मोकळा केला. तो आता परत घेता येत नाही, श्रेय दिलं की कोणीही विकाऊ कामात वापरू शकतं, मराठीत भाषांतर करूनसुद्धा. ज्याला पीडीएफ विकायचीये त्याने हे नियम घ्यावेत, गिऱ्हाईक आयतं आहे. ज्याला इंदुरात नवीन माणसांना खेळवायचंय त्याने घेऊ नयेत, चारशे पानांचे नियम समजावण्यात संध्याकाळ जाते. त्यांच्यासाठी दोन पानांत मावणारे स्वतःचे नियम लिहा.

भाषेचंही उत्तर यातच आलं, पीडीएफ इंग्रजी, पुस्तिका मराठी. फक्त मराठीचा लेआउट कृतिदेव-श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करू नका, छापून छान येतं पण पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, आणि जीएमला सेशनच्या मधोमध नियम शोधावाच लागतो. युनिकोड घ्या, मुक्ता किंवा नोटोसारखे फॉन्ट मोकळ्या लायसन्सचे आहेत, विकाऊ पुस्तकात चालतात. लेआउटसाठी स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्यांत जोडाक्षरं नीट बसतात आणि ते फुकट आहे.

कंपनी म्हणाल तर सुरुवातीला प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, पुरते. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी काढा, उद्यम नोंदणी फुकट होते ती करा, करंट खातं उघडा. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, दोन मित्र मिळून करत असाल तर बरी, भांडण झालं तर कागद असतो, पण एक रुपयाची विक्री नसली तरी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावाच लागतो, नाहीतर दिवसाला दंड चढतो. प्रायव्हेट लिमिटेडला दरवर्षी ऑडिट आलं, त्यात इतक्यात पडू नका.

एक गोष्ट मात्र प्रोप्रायटर असा की एलएलपी, पीडीएफ विका की पुस्तिका, सगळ्यांनाच लागू आहे, ती म्हणजे चित्रकाराबरोबरचा करार. आपल्या ओळखीतलाच असतो, व्हॉट्सअॅपवर ठरतं, चित्र येतं, पैसे जातात. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिले तरच जातात, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे तुम्ही अमेरिकेत पीडीएफ विकताय आणि कव्हरचा हक्क तिथे तुमच्याकडे नसूही शकतो. एका पानावर लिहा: कोणतं चित्र, किती पैसे, किती वर्षं, जगभर, छापील आणि डिजिटल दोन्ही, चित्रकाराचं नाव कुठे छापणार, मूळ चित्र तो स्वतः विकू शकतो की नाही. दोघांच्या सह्या. आणि पैसे पुस्तक विकलं जाण्याची वाट न बघता चित्र हातात आलं त्याच आठवड्यात द्या.